उष्णतेच्या गोळ्या

"तिने कोर्स पूर्ण केलेला दिसत नाही."

पडद्यापलीकडून आलेलं हे वाक्य माझ्याबद्दल आहे, हे कळायला मला जरा वेळ लागला. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी पोट धरून पडले होते. हाताला सलाइन, पलंगाभोवती हिरवा पडदा. आवाज डॉक्टरकाकांचा होता. काका म्हणजे माझ्या सासरचे फॅमिली डॉक्टर. कोपरीत त्यांचा जुना दवाखाना आहे. माझं पोट दुखतंय म्हटल्यावर ते दवाखाना बंद करून धावत आले, याचं मला नुकतंच कौतुक वाटून गेलं होतं.

"कसा करणार, काका?" हा सौरभचा, माझ्या नवऱ्याचा आवाज. "उष्णतेच्या म्हणून दिलेल्या ना तुम्ही. उष्णतेला कोण आठवडाभर गोळ्या खातं?"

"हळू बोल. तुला इंजेक्शन दिलं, तू मोकळा झालास. तिला इंजेक्शन कशाचं म्हणून दिलं असतं मी? तूच म्हणालास, तिला कळता कामा नये."

"मग आता इथे काय सांगायचं?"

"अपेंडिक्स म्हणून आणलंय ना, तसंच चालू दे. बाकी इथले बघतील."

मग पडदा सरकला. सौरभने माझ्या कपाळावर हात ठेवला. "खूप दुखतंय का गं?" त्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांत खरंच काळजी होती. मी "हो" म्हणाले आणि डोळे मिटले.

मला काय झालं होतं, ते मला असं कळलं.

मी मुळात कमी बोलते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, डोंबिवलीतली. जीवशास्त्राच्या पुस्तकात शरीराच्या प्रत्येक भागाचं इंग्रजी नाव मी पाठ केलं होतं, पण तिथे दुखलं तर घरात कुठल्या शब्दांत सांगायचं ते कोणी शिकवलं नाही. हे सगळं मी मराठीत लिहिते आहे त्याचं कारण साधं आहे. बरी होत असताना मी मराठीत शोधून पाहिलं. मला मिळाले सब्ज्याचे फायदे आणि गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज करणाऱ्यांचे फोन नंबर. माझ्यासारख्या एखादीला याहून जास्त काहीतरी मिळायला हवं.

सुरुवात लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा झाली. लघवीला जळजळ व्हायची. काही दिवसांनी पिवळसर स्राव दिसायला लागला. सौरभ पॅकिंगच्या मशीन विकणाऱ्या कंपनीत आहे, महिन्यातले बरेच दिवस वापी-सिल्वासाकडे फिरतीवर असतो. त्यामुळे मी सासूबाईंना सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, "जळजळ होतेय" इतकंच बोलले. पुढचं त्यांनीच ओळखलं.

"अंगावरून पण जातंय ना? उष्णता आहे ती. दिवसभर एसीत बसता, पाणी पीत नाही, वर ती तुमची काळी कॉफी. मला पण व्हायची गं तुझ्या वयात. घाबरू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी थंड दुधात भिजवलेला सब्जा, दुपारी डब्यासोबत धने-जिऱ्याचं पाणी, रात्री गुलकंद. सासूबाई माझ्यामागे वाटी घेऊन फिरायच्या. त्या चिडवायच्या, पण त्यांनी मला एकदाही ओशाळं वाटू दिलं नाही. पुढे सगळं समजल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या घरात मला खोटं न बोलता औषध देणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांना ती खरोखरच उष्णता वाटत होती.

सौरभ फिरतीवरून आला तेव्हा मी त्यालाही सांगितलं. त्याने हातातला मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "उद्या काकांकडे जाऊ. मी येतो सोबत." एरवी स्वतःच्या तापासाठी दवाखान्यात न जाणारा माणूस माझ्यासाठी अर्धा दिवस सुट्टी टाकतोय, याचं मला केवढं वाटलं होतं. ऑफिसमधल्या मैत्रिणीला मी ते सांगितलंसुद्धा.

काकांनी मला तपासलं नाही. जीभ बघितली, नाडी बघितली, पाणी किती पितेस विचारलं. टेबलाच्या मागच्या कपाटातल्या बरणीतून कॅप्सूल काढल्या आणि नेहमीप्रमाणे कागदाच्या पुड्या बांधल्या. कोपरीत त्यांच्या पुड्यांवर तीन पिढ्या वाढल्या आहेत. पुडीवर नाव नसतं. सकाळच्या पुडीवर एक रेघ, संध्याकाळच्या पुडीवर दोन.

"काका, गोळीचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव घेऊन काय करतेस? गुगल करणार?" काका हसले. "सौरभ, तुझ्या बायकोला आपल्यावर भरवसा नाही रे. आता मला डिग्री दाखवावी लागणार."

सौरभ हसला. बाकावर बसलेले दोन पेशंट हसले. मग मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

त्या गोळ्या मी सकाळी सब्ज्याच्या दुधासोबत घ्यायचे. घेतल्या की मळमळायचं. दोनदा उलटी झाली. तिसऱ्या दिवशी जळजळ कमी वाटली आणि मी त्या बंद केल्या. उष्णतेसाठी इतका त्रास कशाला, असंच वाटलं. सौरभ मात्र रोज विचारायचा. घरी असला तर नाश्त्याला, फिरतीवर असला तर फोनवर. "गोळी घेतलीस का?" मी "हो" म्हणायचे, कारण तो इतक्या प्रेमाने विचारत होता की "नाही" म्हणणं मला जड जायचं.

मधल्या काळात ऑफिसजवळच्या लॅबमध्ये मी स्वतःच लघवी तपासून घेतली. रिपोर्टमध्ये पस सेल्स वाढलेल्या होत्या, म्हणजे कुठेतरी संसर्ग असल्याची खूण. पण युरिन कल्चरमध्ये काहीच उगवलं नव्हतं. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची चाचणी. मी तो रिपोर्ट काकांना दाखवला. ते म्हणाले, "बघ, कल्चर क्लीन आहे. काही नाही तुला. डोक्यातून काढून टाक." आता मला माहीत आहे की माझा जंतू त्या साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही. काकांना ते तेव्हाही माहीत असणार.

पोटात खाली, उजव्या बाजूला दुखायला लागलं ते एका शनिवारी. रविवारी ताप चढला. सोमवारी मी ऑफिसमध्ये खुर्चीवरून उठू शकले नाही. तिथून थेट कॅज्युअल्टी, आणि पडद्यापलीकडचं ते बोलणं.

सोनोग्राफीत अपेंडिक्स चांगलं निघालं. मग स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आल्या. पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, काही विचारलं, आणि मग सौरभला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी नवरा आहे तिचा," सौरभ म्हणाला.

"हो, कळलं मला. बाहेर थांबा."

सिस्टरने दार लावलं. मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. "आता तुझं तू सांग. घाईत नाही मी."

पडद्यापलीकडचं जे ऐकलं ते मी त्यांना सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं वाटत होतं, म्हणून जमलं. त्यांनी मधे एकदाही अरेरे म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे. आता एकेक करून बघू."

आतली तपासणी दुखली. गर्भाशयाच्या तोंडाला नुसता स्पर्श झाला तरी मी ओरडले. त्याच वेळी एका लांब कापसाच्या काडीने तिथला स्राव घेतला. ही स्वॅब टेस्ट. तो स्राव नाट नावाच्या चाचणीला जातो. जंतू वाढायची वाट बघण्याऐवजी त्याच्या जनुकांचा अंश शोधणारी ही चाचणी आहे. रक्त वेगळं घेतलं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची चाचणी. एचआयव्हीच्या आधी त्यांनी मला समजावून सांगितलं आणि माझी संमती घेतली. असा एक आजार मिळाला की बाकीचेही बघावे लागतात, कारण ते येण्याची वाट एकच असते.

रिपोर्टची वाट बघायचे दिवस मी छताकडे बघत काढले. सासूबाई डबा घेऊन यायच्या. भेटायला येणाऱ्यांना त्या बाहेर कॉरिडॉरमध्ये सांगायच्या, "अपेंडिक्स. औषधाने बसतंय म्हणाले, नशीब." सौरभने त्यांना तसं सांगितलं होतं. मी आतून ऐकायचे. माझ्या शरीराबद्दल त्या मजल्यावर दोन गोष्टी चालू होत्या, आणि माझ्या तोंडून त्यातली एकही निघत नव्हती.

रिपोर्ट आला. गोनोरिया. मराठीत याला परमा म्हणतात, मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाकी सगळ्या चाचण्या निगेटिव्ह. पण एचआयव्हीचा विंडो पिरियड असतो. संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून ती तीन महिन्यांनी परत करायची होती.

मॅडमनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं. पुरुषांना हा आजार झाला तर बहुतेक वेळा आठवड्याभरात लघवीच्या जागेतून पू येतो, त्यामुळे तो लपत नाही. बायकांना अनेकदा काहीच होत नाही, किंवा होतं ते माझ्यासारखं, उष्णतेवर खपून जाईल असं. तोपर्यंत जंतू वर चढतो. गर्भाशयात, तिथून बीजवाहिन्यांत. याला पेल्विक इन्फ्लमेटरी डिसीज म्हणतात, ओटीपोटातल्या अवयवांची सूज. मला ती झाली होती.

"मी गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तर?" मी विचारलं. तेव्हापासून तोच प्रश्न मला खात होता.

"कॅप्सूल कशा होत्या?"

मी वर्णन केलं. दुधासोबत घेत होते तेही सांगितलं.

"डॉक्सीसायक्लिन असावी. दुधासोबत ती नीट शोषली जात नाही, आणि उपाशीपोटी घेतली की उलटी होते. हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. आणि ऐक, पूर्ण घेतल्या असत्यास ना, तरी गोनोरियाला त्या पुरल्या नसत्या. त्याला इंजेक्शन लागतं. ते तुझ्या नवऱ्याला मिळालं. तुला नाही. तुझी चूक झाली, हे डोक्यातून आजच काढून टाक."

मी दुसरा प्रश्न विचारला. मूल होईल का. आम्ही पुढच्या वर्षी विचार करायचं ठरवलं होतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

"आत्ता सांगता येणार नाही. नळ्यांना किती इजा झाली ते नंतर बघावं लागेल. बहुतेकींना होतं. पण मी तुला खोटा धीर देणार नाही."

मला त्या वाक्याचा आधार वाटला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला पूर्ण वाक्य दिलं होतं.

शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, नंतर घरी दोन आठवड्यांच्या गोळ्या. प्रत्येक स्ट्रिपवर नाव होतं. मी ती नावं वाचत बसायचे.

मॅडमनी सौरभला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते.

"तुमचीही तपासणी करायची आहे."

"मी ट्रीटमेंट घेतलीय, मॅडम."

"टेस्ट केली होती?"

"नाही. काकांनी बघूनच..."

"मग आता करा. तुमच्या दोघांचे उपचार संपून आठवडा होईपर्यंत संबंध नाही. त्यानंतरही कंडोम. आणि ती जी दुसरी व्यक्ती आहे, तिलाही कळवा. तिलाही हाच आजार असणार, आणि तिलाही कुणी सांगितलेलं नसणार."

दुसरी व्यक्ती हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा बोलला गेला. सौरभने खाली बघितलं.

रात्री तो माझ्याशी बोलला. "एकदाच झालं गं. सिल्वासाला. पार्टी होती, मी शुद्धीत नव्हतो यार. नंतर दोन-चार दिवसांत मला त्रास सुरू झाला, मी काकांकडे गेलो. ते म्हणाले बायकोलाही औषध द्यावं लागेल. मी दिलंच ना तुला? तुझी काळजी नसती तर दिलं असतं का?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू गेली असतीस."

मी गेले असते की नाही, मला माहीत नाही. ते ठरवायची संधी मला मिळायला हवी होती. त्याचं सिल्वासाचं जे काही होतं, त्याने मी तुटले, हे खरं आहे. पण त्याहून वाईट गोष्ट मला रोज सकाळी आठवायची. "गोळी घेतलीस का?" तो प्रश्न मी जपून ठेवला होता. त्याने माझ्यासाठी केलेल्या सगळ्यात प्रेमळ गोष्टींत तो माझ्या मनात वरच्या जागी होता. आता कुणी जवळ येऊन मायेने काही विचारलं की मी आधी त्याच्यामागे काय आहे ते शोधते. हे नुकसान कुठल्या सोनोग्राफीत दिसत नाही.

हॉस्पिटलमधून मी माहेरी गेले, डोंबिवलीला, कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरी. मम्मीला मी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, मग परत सुरू झालं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना बीपी आहे. आणि शेजारी कुणी विचारलं तर अपेंडिक्सच सांगायचं."

तिने माझी खूप सेवा केली. पेज, मऊ भात, पाठ चोळून देणं. पण दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर होता. साबण वेगळा. माझे कपडे ती जंतुनाशक टाकून वेगळ्या बादलीत भिजवत होती. मी तिला सांगितलं की हा आजार टॉवेलने पसरत नाही, साबणाने नाही, संडासाच्या सीटवरून नाही, एका ताटात जेवल्याने नाही. तो फक्त शरीरसंबंधातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. शिवाय माझे उपचार झाले होते.

"असू दे गं. काळजी घेतलेली बरी."

मी खिळ्यावरचा तो टॉवेल बघत राहिले. मला ती तिची भीती वाटली, आणि थोडी शिक्षाही.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्यापैकी कुणाला जळजळ होत असेल, नेहमीपेक्षा वेगळा स्राव, पाळी नसताना रक्त, ओटीपोटात दुखणं, तर सब्जा जरूर प्या, तो काही वाईट नाही. पण तपासणीही करा. ते साधं लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं, बऱ्याचदा तेच असतं. फक्त अंदाजाने औषध घेऊ नका. जे औषध मिळतंय त्याचं नाव विचारा. समोरचा हसला तरी परत विचारा. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी वेगळं केंद्र असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात आणि नाव बाहेर जात नाही. तीन महिन्यांनंतरच्या एचआयव्हीच्या चाचणीला मी मुद्दाम तिथे गेले. बाकावर माझ्यासारख्याच बायका होत्या. मंगळसूत्रं, पर्स, हातात फाइल. मला वाटत होतं मी तिथे वेगळी दिसेन. नाही दिसले. लग्न झालेल्या बाईला हे होत नाही असं मीही मानत होते. मंगळसूत्राने जंतू अडत नाही. कंडोमने बराचसा अडतो. आणि जोडीदाराचा उपचार झाला नाही तर तुमचा उपचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

ती चाचणी निगेटिव्ह आली. गोनोरियाचीही परत केली, तीही निगेटिव्ह. सौरभच्या चाचण्याही. त्याने फोन केला. "बघ, संपलं ना आता? घरी ये. आईने सत्यनारायण बोललाय तुझ्यासाठी."

मी परत गेले. नाटक करायला नाही गेले, हे मला सांगायचंय. मला खरंच बघायचं होतं की त्या घरात मला श्वास घेता येतो का. सासूबाईंनी दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यांनी मला जवळ घेतलं तेव्हा मला रडू आलं, कारण त्या काहीही लपवत नव्हत्या.

पूजेला आम्हाला जोडीने बसायचं होतं. भटजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." प्रत्येक पळी पाण्याला सौरभच्या कोपराला माझी बोटं लागत होती. त्याचा हात गरम होता, ओळखीचा. मी काहीच ठरवलेलं नव्हतं. नळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात करायची होती, तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

प्रसादाच्या वेळी डॉक्टरकाका आले. सासूबाईंनी त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं. समोरच्या घरातल्या वहिनी होत्या, सौरभची आत्या होती, भटजी दक्षिणा आवरत होते.

"काकांनी वेळेवर ओळखलं म्हणून वाचली पोर," सासूबाई आत्याला सांगत होत्या. "नाहीतर फुटलंच असतं अपेंडिक्स. काका, आता एवढं करा. पुढच्या वर्षी पाळणा हलू दे. काय लागेल ते औषध द्या हिला."

"त्याचं मी बघतो," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सौरभशी बोलतो मी त्याबद्दल. ये रे सौरभ उद्या दवाखान्यात."

सौरभने मान हलवली. मी शिऱ्याची ताटली घेऊन तिथेच, दोन हातांवर उभी होते.

"अगं बघतेस काय?" सासूबाई हसून म्हणाल्या. "नमस्कार कर काकांना. पाया पड."

काकांनी आशीर्वादासाठी हात थोडा वर केला. सौरभ माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कॅज्युअल्टीत पाहिलेली तीच काळजी होती. मी ताटली टीपॉयवर ठेवली. माझा आवाज शाळेत उत्तर द्यायला उभी राहिले की व्हायचा तसाच बारीक झाला, पण खोली लहान होती आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाही आई, मी पाया पडणार नाही. मला अपेंडिक्स झालं नव्हतं आणि उष्णताही नव्हती. मला गोनोरिया झाला होता. तो मला सौरभकडून आला. काकांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी मला नाव न सांगता गोळ्या दिल्या." मग मी काकांकडे वळले. "पोट माझं होतं, काका. तुम्ही आधी मला सांगायचं होतं."